‘नेट नाही’ म्हणण्यापूर्वी

(सिंधुदुर्गनगरी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकाच्या अंतरंगाविषयी मी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु माहिती पोहोचविणे हे माझे काम आहे, आणि या कामाच्या वाटेवर एक वाक्य वारंवार आडवे येताना मी पाहिले आहे. ते वाक्य म्हणजे, ‘आज नेट नाही, उद्या या.’

हे वाक्य पुष्कळदा खरे असते, हे आधी मान्य केले पाहिजे. आपला किनारा वादळवाऱ्याचा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वीज आणि दूरध्वनी यांची काय दशा झाली, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्यामुळे ‘नेट नाही’ असे कोणी म्हटले की पुढे प्रश्न विचारला जात नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो प्रश्न विचारला जावा.

एका कार्यालयातील प्रसंग सांगतो. दिवस शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांचे होते. मासेविक्री करणारी एक भगिनी मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करण्यास सकाळीच बाजार सोडून आली होती. तेथील संगणकावर एक लहानशी आज्ञावली होती. नागरिकाचा अर्ज घ्यावयाचा, तो दूरच्या मुख्य संगणकावरील वेब सेवेकडे पाठवावयाचा आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवावयाचे, एवढे तिचे काम. सकाळचे काही अर्ज सुरळीत गेले. या भगिनीची पाळी आली आणि पडदा जागच्या जागी थांबला. ‘नेट गेले,’ कर्मचारी म्हणाला. पण शेजारच्या मेजावर, त्याच तारेवर, दुसरा कर्मचारी दुसरे संकेतस्थळ विनासायास पाहत होता.

मी सहज म्हटले, ‘ती आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करून पाहा.’ तसे करताच अर्ज क्षणात गेला. अर्ध्या तासाने पडदा पुन्हा थांबला. चौकशी केली तेव्हा कळले की, हा प्रकार कित्येक महिने चालू होता. तक्रारी झाल्या, अधिक वेगाची जोडणी घेऊन झाली, तरी पडदा थांबतच होता. दोष तारेत नव्हताच.

तो कोठे होता, हे पुढे एका तरुण आज्ञावलीकाराने मला समजावून सांगितले. ते मी आपल्या परिचयाच्या भाषेत मांडतो.

दोन संगणक परस्परांशी बोलतात ते टी.सी.पी. नावाच्या संकेतानुसार. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये त्याची मांडणी केली, आणि पुढे दीर्घकाळ आधारभूत ठरलेला त्याचा मसुदा सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे दोघेही एकाच वर्षाचे. या संकेताचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बोलणे संपले, हे दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे सांगावे लागते. एकाने निरोप घेतला तरी दुसऱ्याने तो घेईपर्यंत जोडणी पूर्णपणे मिटत नाही.

दर वेळी नवी जोडणी उभारण्यात वेळ जातो. म्हणून आज्ञावली मोजक्या जोडण्या हाताशी ठेवते आणि त्याच पुनःपुन्हा वापरते. एका आज्ञावलीने एका मुख्य संगणकाशी दोनपेक्षा अधिक जोडण्या ठेवू नयेत, अशी शिफारस १९९९ च्या एच.टी.टी.पी. मसुद्यात होती. २०१४ च्या मसुद्यात हा आकडा वगळण्यात आला. तथापि जुन्या वळणाची साधने त्याच मापाने चालत राहिली. जावा भाषेतील अपाचे एच.टी.टी.पी. क्लायंट या साधनाच्या चौथ्या आवृत्तीत, वेगळे काही सांगितले नाही तर, एका मार्गासाठी दोन आणि एकूण वीस जोडण्या मिळतात.

आता मालवणचा धक्का डोळ्यांसमोर आणा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या तेथून सुटतात. धक्क्याला दोनच होड्या लागू शकतात असे समजा. होडी आली, उतारू उतरले, पण दोर सोडावयाचा राहून गेला, तर ती जागा अडते. दुसरीचेही तसेच झाले, तर समुद्र शांत, वारा अनुकूल, आणि तरीही तिसरी होडी बाहेरच ताटकळते. दुरून पाहणाऱ्यास वाटते, आज वाहतूक बंद आहे!

त्या कार्यालयात नेमके हेच घडत होते. उत्तर अनुकूल आले की आज्ञावली ते शेवटपर्यंत वाचून जोडणी मोकळी करीत असे. परंतु अर्जात काही चूक निघून नकाराचे उत्तर आले, तर ती चुकीचा संदेश दाखवून तेथूनच पुढे निघून जाई; जोडणी सोडावयाची राहून जाई. असे दोन अर्ज झाले की दोन्ही जागा अडत. किती वेळ थांबावयाचे याची मर्यादाही घातलेली नव्हती. म्हणून तिसरा अर्ज थांबला तो थांबलाच. त्या भगिनीच्या अर्जात काहीही उणे नव्हते. तिच्या आधीच्या दोन अर्जांतील चुकांचे फळ तिच्या पदरी पडत होते.

निदान अवघड नाही. पहिले, त्याच तारेवर दुसरे संकेतस्थळ उघडते का, ते पाहावे. दुसरे, केवळ ती आज्ञावली बंद करून सुरू केल्याने काम चालू होते का, ते पाहावे. दोन्हींचे उत्तर ‘होय’ आले, तर संशय तारेवरून आज्ञावलीकडे वळवावा. तिसरे, जाणकाराकडून ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा देऊन जोडण्यांची यादी काढावी. तीत ‘क्लोज-वेट’ अशी नोंद असलेल्या ओळी साचत असतील, तर पलीकडच्याने निरोप घेतला आहे, आपल्या आज्ञावलीने मात्र घेतलेला नाही, असा त्याचा अर्थ. ‘टाइम-वेट’ ही नोंद वेगळी. ती मिटलेल्या जोडणीची नेहमीची अवस्था असून थोड्या वेळाने आपोआप नाहीशी होते. तिला घाबरण्याचे कारण नाही.

उपायही सरळ आहे. उत्तर अनुकूल असो वा प्रतिकूल, ते पूर्ण वाचावे आणि जोडणी प्रत्येक वाटेने मोकळी होईल अशी व्यवस्था आज्ञावलीतच असावी. प्रतीक्षेला मर्यादा घालावी. दोनाच्या वीस जोडण्या केल्याने दुखणे बरे होत नाही, केवळ लांबते. दोर सोडलाच नाही, तर वीस जागांचा धक्काही भरून जाईल.

मित्रहो, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा पात्र नागरिकाचा हक्क आहे. पण ती मुदत अर्ज प्राप्त झाल्यापासून मोजली जाते. जो अर्ज पडद्यावरच अडकला, त्याच्या मुदतीचा पहिला दिवसही उजाडत नाही. विलंब कोणत्याही नोंदीत दिसत नाही. बुडालेली मजुरी आणि हुकलेला प्रवेश तेवढा त्या घरात दिसतो.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. पडदा थांबला की वेळ आणि त्याआधीच्या अर्जांना आलेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. आमच्या आज्ञावलीकाराला अशाच नोंदींवरून नकाराच्या उत्तरांचा माग लागला. अर्ज पुन्हा पाठविण्यापूर्वी पहिला पोहोचला आहे का, ते पडताळा. नाहीतर एकाचे दोन होतील. शाळेची माहिती भरणाऱ्या शिक्षकांनाही हेच लागू आहे. आणि नवी आज्ञावली स्वीकारताना अधिकाऱ्यांनी केवळ बिनचूक अर्ज पाठवून समाधान मानू नये. मुद्दाम चुकीचे दहा अर्ज पाठवावेत आणि अकरावा बरोबर अर्ज जातो की नाही, हे स्वतः पाहावे.

त्या भगिनीचा अर्ज त्या दिवशी गेला, तो योगायोगाने. नागरिकाचा हक्क योगायोगावर सोपवून चालणार नाही. ‘उद्या या’ असे सांगण्यापूर्वी आपल्याच हातून एखादा दोर सोडावयाचा राहिला आहे काय, एवढे आपण पाहू या.