एक नळ, चार वाफे

(मंचाच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की पुरोगामी मंचावर नळाच्या टायमरचे काय काम? पण कॅलिफोर्नियात मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतो. या सहा महिन्यांत परसबागेत हिरवे दिसणारे प्रत्येक पान कुठून तरी आणलेल्या पाण्यावर जगते. म्हणून आधी तंत्र सांगतो आणि मग ते पाणी कोणाचे, याकडे वळतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या बागेत चार प्रकारची मंडळी नांदतात: कुंड्यांतली तुळस, मोगरा आणि कढीपत्ता, वाफ्यातली टोमॅटो, वांगी, मिरची, लिंबू-डाळिंबासारखी झाडे, आणि एकदा रुजली की फारसे पाणी न मागणारी इथली स्थानिक झुडपे. सर्वांना एकाच होजने एकाच वेळी पाणी दिले, तर कुंडी तहानलेली राहते आणि झुडपाची मुळे कुजतात. म्हणून तहानेनुसार गट पाडायचे. चार तोंडे असलेला, बॅटरीवर चालणारा टायमर नळाला लावला की प्रत्येक गटाची वेळ स्वतंत्र ठरवता येते. त्यासाठी जमीन खणून वायरी टाकाव्या लागत नाहीत, प्लंबरही लागत नाही. भाड्याच्या घरातही हे करता येते आणि जाताना काढून नेता येते.

पहिली पायरी मोजमापाची. पाच गॅलनची बादली नळाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. ती एका मिनिटात भरली, तर नळ तासाला ३०० गॅलन देतो. परंतु ठिबकची अर्ध्या इंची नळी साधारणपणे तासाला २०० गॅलनच नीट वाहून नेते. तासाला एक गॅलन देणारे साठ ड्रिपर एका गटात असतील तर काहीच अडचण नाही. मात्र दोन गट एकाच वेळी चालू राहणार नाहीत अशा वेळा लावा, म्हणजे प्रत्येक गटाला पूर्ण दाब मिळेल.

दुसरी पायरी जोडणीची. आधी टायमर, मग उलटा प्रवाह रोखणारी झडप, मग गाळणी, मग दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि शेवटी नळी. घरातला दाब ५० ते ८० पीएसआय असू शकतो; ठिबकला २५ ते ३० पुरतो. रेग्युलेटर नसेल तर सांधे सुटतात आणि गाळणी नसेल तर ड्रिपर तुंबतात. ती झडप मात्र कधीही वगळू नका. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीतला दाब अचानक घसरला, तर आपल्या वाफ्यातले खतमिश्रित पाणी उलटे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. ही झडप शेजाऱ्यांविषयीचे आपले कर्तव्य आहे.

तिसरी पायरी वेळापत्रकाची. उन्हाळ्यासाठी सुरुवातीचा एक आराखडा सांगतो. कुंड्यांना रोज पहाटे दहा मिनिटे. एक गॅलनच्या ड्रिपरमधून एवढ्या वेळात सुमारे ६०० मिलिलिटर पाणी पडते. भाज्यांना एक दिवसाआड पाऊण तास. लहान लिंबाला चार ड्रिपर लावून आठवड्यातून एकदा तीन तास, म्हणजे १२ गॅलन. स्थानिक झुडपांना पंधरवड्यातून एकदा. हे आकडे वेदवाक्य नव्हेत. मातीत बोट घालून पाहा. दोन इंचांवर ओल असेल तर वेळ कमी करा. चिकणमाती असेल आणि पाणी वाहून जात असेल, तर एकच पाळी दोन तुकड्यांत द्या.

टायमर आज्ञाधारक असतो, पण विचार करत नाही. साधा टायमर पाऊस पडत असतानाही पाणी सोडतो. पाऊस पडल्यावर ४८ तास बागेला पाणी देण्यास कॅलिफोर्नियाने २०१५ साली मनाई केली, ती उगाच नव्हे. पावसात टायमर थांबवणे आणि ऋतूप्रमाणे वेळ बदलणे हे माणसाचेच काम आहे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत चालत आली. जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यायचे. आपल्या टायमरची चार तोंडे म्हणजे चार फडच. फरक इतकाच, की तिथे पाळी गावाने मिळून ठरवली होती.

विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा ते आणखी एक पाऊल पुढे गेले. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला, भूमिहीनांनाही वाटा दिला, आणि उसाला नकार दिला. कमी पाण्यात जास्त कसे पिकवावे, याचे उत्तर तंत्र देते. ते पाणी कोणाला मिळावे, याचे उत्तर माणसांनाच द्यावे लागते.

इथेही तोच प्रश्न आहे. २०१४ साली तुलारी काउंटीतल्या ईस्ट पोर्टरविल या वस्तीत शेकडो घरांच्या विहिरी आटल्या. तिथे राहणाऱ्यांत शेतमजूर कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांनी बाटल्यांच्या आणि टाक्यांच्या पाण्यावर दिवस काढले. पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा हक्क आहे, असा कायदा या राज्याने २०१२ सालीच केला होता. तरीही त्याच उन्हाळ्यात अनेक उपनगरांत हिरवळीवर फवारे उडत होते.

आपण वाचवलेले पाणी आपोआप त्या वस्तीत पोहोचत नाही, हे मला माहीत आहे. पण ठिबकने वाचलेले पाणी आणखी हिरवळ वाढवण्यात घातले, तर कोणाचेच वाचले नाही. म्हणून दोन गोष्टी सुचवतो. टायमर लावल्यावर पुढच्या तीन बिलांवरचे आकडे आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा. आणि आपल्या भागातल्या जलमंडळाच्या बैठका खुल्या असतात. वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन बसा. बागेची पाळी टायमर सांभाळेल. समाजाची पाळी ठरते त्या खोलीत आपण हजर असायला हवे.