गाडी केव्हा तापते?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शाळेतील शिक्षण थोडेच. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या तक्रारी ऐकता ऐकता झाले. तेव्हा आजचा विषयही तक्रारीचाच घेतला आहे. गर्दीत मोटारीचे इंजिन का तापते आणि तापले तर दोष कोणाचा, एवढाच तो विषय.

आपल्या सोलापुरात 1877 साली जुनी गिरणी निघाली. गिरण्यांवर कितीतरी घरे पिढ्यान् पिढ्या जगली. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्या घरांतील पुष्कळ मुले मोटारी चालवू लागली. असाच एक चालक एका वैशाखात आमच्याकडे आला. नवी पेठेच्या गर्दीत त्याची गाडी उकळली आणि इंजिनाचे हेड वाकले. मालकाने हेड दुरुस्त करून घेतले आणि तो खर्च त्याच्या पगारातून कापावयास आरंभ केला. मालक म्हणे, "याने पाणी पाहिले नाही." चालक म्हणे, "अण्णा, रोज सकाळी पाणी पाहूनच गाडी काढतो. आणि हेड बसवून आणले तरी काटा अजून चढतोच आहे."

आम्ही त्याला विचारले, "केव्हा चढतो?" तो म्हणाला, "तुळजापूरचा घाट चढताना जागचा हलत नाही. सात रस्त्याला गाडी उभी राहिली, की चढू लागतो." आमच्या ओळखीचे एक मिस्त्री शेजारी बसले होते. ते म्हणाले, "अर्धे निदान झाले."

कसे झाले, ते सांगतो. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेतील ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच कामी येतो. जवळजवळ तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातील बराचसा पाण्याच्या वाटेने बाहेर काढावा लागतो. पंप पाणी खेळवितो. पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापले, की थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट उघडते. रेडिएटरच्या नळ्यांतून वाहताना ते वाऱ्याने निवते. गाडी धावत असताना हा वारा फुकट मिळतो. उभी राहिली, की तो पंख्याने ओढून आणावा लागतो.

म्हणून घाटात आणि हमरस्त्यावरही तापणारी गाडी असेल, तर पाणी कमी आहे काय, पंप चालतो काय, झडप अडकली आहे काय, नळ्या आतून क्षारांनी भरल्या आहेत काय, हे पाहावे. फक्त उभी असताना तापणारी असेल, तर आधी पंखा पाहावा. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे बसले आहेत काय, तेही पाहावे. झाकणाचे रबर झिजले असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते, हेही विसरू नये.

मिस्त्रींनी गाडी थंड असताना सुरू करून वातानुकूलन चालू केले. त्या गाडीत एवढे केले की पंखा फिरावयास हवा, तो फिरेना. बॅटरीवरून थेट तार दिली, तर फिरला. म्हणजे मोटर चांगली. फ्यूजही शाबूत. मग त्याच जातीचा दुसरा रिले बसविला आणि पंखा घुमू लागला. काडेपेटीहून लहान अशी ती डबी. तिच्यापायी एका संसाराचा पगार कापला जात होता!

आता आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. काटा लाल रेघेवर गेल्यावरही या चालकाने गाडी थांबविली नव्हती. उतारूला स्टेशनावर गाडी गाठावयाची होती. ही त्याची चूक झाली, असे आम्ही मालकासमोर कबूल केले. पण गाडी तापते हे त्याने दोनदा तोंडी सांगितले होते, तेही मालकाला कबूल करावे लागले. नुकसानीबद्दल पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे 1936 च्या वेतन कायद्यात होते. 2019 च्या वेतन संहितेतही ती अट आहे. ती संधी कोणी दिलीच नव्हती. कपात थांबली आणि कापलेले पैसे परत मिळाले.

समोर बसलेल्या चालक बंधूंना आमचे सांगणे एवढेच. काटा चढू लागला, की वातानुकूलन बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. त्याने इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते. तरीही चढला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, उतारू कितीही रागावो. तापलेले झाकण उघडू नका. दाबाखालचे पाणी उसळून हात आणि तोंड भाजते. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका; लोखंड तडकते. इंजिन बंद असले तरी विजेचा पंखा एकाएकी फिरू लागतो, तेव्हा त्यात हात घालू नका. कोणी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. त्याने रोग झाकतो आणि इंधन जास्त जळते. बोअरचे पाणी न भरता कंपनीने सांगितलेले शीतक द्रव्य भरा. आणि गाडी कोठे, केव्हा, कशी तापली, ते वहीत लिहून मालकाची सही घ्या.

मालकबंधू सभेस आले असतील तर त्यांनाही विनंती आहे. गाडी तापली, की कोणामुळे तापली हे विचारण्याआधी केव्हा तापते ते विचारा. आमच्या त्या चालकाला हे उत्तर ठाऊक होते; त्याला कोणी विचारले नव्हते.