चूक त्यांची, उधारी आपली
मैत्रिणींनो, अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत, कचेऱ्यांत झाडलोट करणाऱ्या कितीतरी बाया कंत्राटदाराच्या हजेरीवर आहेत. पगारपत्रक बनवणारी एजन्सी आणखी तिसरीच. तिथे खात्याचा एक आकडा चुकला की पगार अडला. साहेब म्हणतात, "कंत्राटदाराला विचारा." कंत्राटदार म्हणतो, "कॉम्प्युटरची चूक." चूक त्यांची, किराणा दुकानातली उधारी मात्र आपल्या नावावर!

कायदा काय म्हणतो? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळालाच पाहिजे. कंत्राटदारानं दिला नाही तर मूळ मालकानं द्यावा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती जबाबदारी सुटलेली नाही. पगार दिला हे सिद्ध करणंही मालकाकडेच. दावा ३ वर्षांच्या आत करता येतो. नोंदलेली युनियनही तो करू शकते.

म्हणून हजेरी आपल्याही वहीत रोज लिहा. पासबुक भरून घ्या, पगाराची चिठ्ठी मागा. अर्ज मालक आणि कंत्राटदार दोघांनाही द्या, पोच घ्या. तरी नाही भागलं तर साऱ्याजणी मिळून कामगार आयुक्तांच्या कचेरीत चला. एकटीला "उद्या या" म्हणून परत पाठवता येतं. पन्नास जणींना ते सोपं नाही.