डोळ्यांची साक्ष आणि हजेरीची साक्ष



मी वकील नव्हे. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो कामगारांच्या खटल्यांपायी, कोर्टाच्या व्हरांड्यात बसून. तिथे साक्षीदाराचे एक वाक्य पुष्कळदा ऐकले : "हाच तो!" आणि आरोपीचे उत्तर : "मी तेव्हा तिथे नव्हतोच." या दोहोंना तोलायचे कसे, एवढेच आज मांडायचे आहे.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली गोष्ट. जून २००३ मध्ये एका वस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जीव गेले. वाचलेल्या दोघांच्या साक्षीवर भटक्या जमातीतले सहाजण दोषी ठरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाहीजणांना फाशी ठरवली. पण घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या बाईने पोलिसांकडील छायाचित्रांतून चौघांना ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी कोणीच नव्हते! ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाहीजणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख भरपाई देवविली. सोळा वर्षे मात्र कोण देवविणार? ती बाई खोटे बोलली, असे मी म्हणणार नाही. तिचे घर उद्ध्वस्त झाले होते. मनापासून सांगणारा माणूसही चुकतो, म्हणूनच ही साक्ष जपून घ्यायची.

आता दुसरी बाजू. "मी कामावर होतो, हजेरी पाहा," हा आम्हा कामगारांचा हुकमी एक्का. तोही तपासावा लागतो. अलाहाबादजवळच्या नैनी येथील कारखान्यातल्या एका कामगाराने खुनाच्या खटल्यात हाच एक्का टाकला. १९८१ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या न्यायालयाने पाहिले, की आत येताना कार्डावर वेळ उमटते, बाहेर जाताना नाही; आणि खुनाची जागा जवळच. साडेआठला कारखान्यात असलेला माणूस नऊला तिथे पोहोचू शकत होता. दोष कायम राहिला. फाशीची मात्र जन्मठेप झाली. पण त्याच निकालात न्यायालयाने बजावले, की बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्यावा.

आमच्या माणसांचे अडते ते इथेच. साहेबाजवळ हॉटेलची पावती असते, आगगाडीचे आरक्षण असते. मजूर रात्री घरी झोपला होता, हे सांगणार कोण? त्याची बायको. आणि ती तर "घरचीच"! "मी अन्यत्र होतो" हे शाबीत करण्याचा भार कायद्याने आरोपीवर आहे, हे खरे. पण त्याला ते जमले नाही, म्हणून तो तिथे होता असे ठरत नाही. ते सरकारपक्षाने स्वतःच्या पुराव्याने दाखवायचे असते.

बंधूंनो, उद्या आपल्याच बाजारात चार जणांनी एखाद्याची मानगूट धरून "हाच तो!" म्हटले, तर हात उगारण्यापूर्वी त्या चौघांना विचारा : किती अंतरावरून, किती उजेडात पाहिलेत? आणि त्यालाही विचारा : तू तेव्हा कुठे होतास? दोन्ही उत्तरे सारख्याच कानाने ऐका.