न्यूयॉर्कचे पाच पूल

नोव्हेंबरचा पहिला रविवार म्हणजे न्यूयॉर्क मॅरेथॉन. 42.195 किलोमीटर, शहराचे पाचही विभाग आणि वाटेत पाच पूल. सुरुवातच व्हेराझानो पुलाच्या चढाने होते. पण हवा गार, पाय ताजे, त्यामुळे तो चढ जाणवत नाही. पंचविसाव्या किलोमीटरजवळच्या क्वीन्सबरो पुलावर मात्र प्रेक्षक नसतात. ऐकू येतो तो फक्त बुटांचा आवाज आणि शेजारच्याचा श्वास. पूल उतरून फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर वळलं की असा जल्लोष कानांवर आदळतो की वेग आपोआप वाढतो. मला विचाराल तर शर्यत हातची जाते ती इथेच. पुढे सदतिसाव्या किलोमीटरच्या आसपास फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूचा लांबलचक चढ आहे, आणि तोवर स्नायूंमधलं इंधन, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आलेलं असतं. तिथे मीही नुसत्या जिद्दीवर पाय उचलले आहेत.

1978 साली नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ इथे आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली. वेळ 2 तास 32 मिनिटं 30 सेकंद, महिलांमध्ये तेव्हाची जगातली सर्वोत्तम! पुढे ही शर्यत तिने एकूण नऊ वेळा जिंकली. ट्रॅकवरच्या या धावपटूने त्याआधी एवढं अंतर कधी कापलंच नव्हतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.