एका फुंकरीवर विसंबू नका

(ठाकुर्ली येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



मी वैद्यकाचा नव्हे, वाङ्मयाचा विद्यार्थी. परंतु पत्रकाराला एक धडा लवकर मिळतो : एकाच साक्षीवर बातमी उभी राहत नाही. फुप्फुसांच्या तपासणीचेही तसेच आहे.

डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांशेजारी राहणाऱ्या आपणांस श्वासाची चिंता नवी नाही. मग एखाद्या शिबिरात नळीत एकदा फुंकायचे आणि आकडा कमी आला की घरभर काळजी पसरायची. किंवा ‘नॉर्मल’ असा शिक्का मिळाला की कामगाराने निर्धास्त व्हायचे. दोन्ही गोष्टी घातकच.

ही तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली आपल्या श्वासमापकावरील संशोधन प्रसिद्ध केले. रक्ततपासणीत रुग्णाने केवळ हात पुढे करायचा असतो. येथे मात्र निकाल त्याच्या प्रयत्नावर अवलंबून असतो. श्वास पूर्ण भरला नाही, ओठ नळीभोवती सैल राहिले, मध्येच खोकला आला, तरी आकडा बदलतो. उलट, दम्याच्या रुग्णात पहाटे आणि दुपारी आढळणारा मोठा फरक हीच आजाराची खूण असू शकते. फरक तपासातील दोषाचा की आजाराचा, हे ओळखणे हेच खरे कौशल्य होय.

म्हणून आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की, किमान तीन निर्दोष फुंकरी हव्यात आणि प्रौढांच्या बाबतीत त्यांतील सर्वोत्तम दोन आकड्यांत सामान्यतः १५० मिलिलिटरहून अधिक अंतर नसावे. यंत्रही तीन लिटरच्या सिरिंजने नियमित पडताळावे लागते.

आता कामगाराचा विचार करा. निरोगी प्रौढाची पहिल्या सेकंदात हवा बाहेर टाकण्याची क्षमता वयोमानानुसार वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते. म्हणजे दोन फुंकरींतील मान्य अंतरच पाच वर्षांच्या घटीएवढे! धुरा-वाफांमुळे त्याची हानी अधिक वेगाने होत असेल, तर ती एका वर्षाच्या तपासणीत दिसणार नाही. काळजीपूर्वक घेतलेल्या, जपून ठेवलेल्या अनेक वर्षांच्या नोंदीच ती उघड करतील.

हे आपल्याकडे घडलेच नाही असे नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात गिरणगाव, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग निवडून प्रदूषण व आरोग्य यांचा संबंध तपासला. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाऊन मोजण्याची चिकाटी त्यामागे होती.

तेव्हा शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे : पाचशे लोकांची घाईने तपासणी करण्यापेक्षा पन्नास जणांची प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून नीट करा. आणि कुटुंबीयांनी अहवाल हाती येताच विचारावे : किती वेळा फुंकले? आकडे जुळले का? मागचा अहवाल कोठे आहे? तो कागद सांभाळून ठेवा. उद्या एखाद्या कामगाराला आपल्या श्वासाची हानी सिद्ध करावयाची वेळ आली, तर तोच त्याचा साक्षीदार ठरेल.