मृत्युगीताचे श्रोते

वेरूळचीं लेणीं पाहावयास जाणारा प्रवासी दहाव्या लेण्यांत शिरला कीं एक गोष्ट हटकून करतो. तो टाळी वाजवितो. हें लेणें विश्वकर्म्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लांकडी वाशांसारख्या कमानी दगडांतच कोरलेल्या आहेत. तेथील बारा बौद्ध लेण्यांत चैत्यगृह असें हें एकटेंच. सुमारें ८५ फूट लांब, ४३ फूट रुंद आणि ३४ फूट उंच अशा त्या पोकळींत टाळीचा आवाज घुमून परत येतो. प्रवासी हंसतो, बरोबरच्या मुलाला 'ओ' करावयास सांगतो आणि बाहेर पडतो. समोर स्तूप असतो. त्याच्या दर्शनी भागीं धर्मोपदेश करीत बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ति असल्यामुळें दृष्टि तिच्यावरच ठरते, आणि स्तूप म्हणजे मुळांत मृताच्या अवशेषांवर रचलेली रास, हें ध्यानांत येत नाहीं.

त्याच लेण्यांत कधीं बौद्ध यात्रेकरू येतात. पादत्राणें काढून ते स्तूपासमोर बसतात आणि एका स्वरांत पालि वंदना म्हणूं लागतात. प्रतिध्वनि तोच. परंतु दाराशीं उभा असलेला प्रवासी, पालींतलें एक अक्षर कळत नसतांनाहि, हात आंवरून धरतो. असें कां व्हावें?

युरोपांत या प्रश्नाचा इतिहास चांगला नमूद झालेला आहे. मृतांना विश्रांति मिळावी म्हणून ख्रिस्ती देवळांत जी प्रार्थना होते तिला रेक्विएम म्हणतात. मोठमोठ्या संगीतकारांनीं ती गायकांच्या समूहासाठीं रचिली आहे. इटलीच्या व्हेर्दी यांनीं आपली रचना मान्झोनी या थोर लेखकाच्या पहिल्या पुण्यतिथीसाठीं केली. २२ मे १८७४ रोजीं मिलान शहरांतील सान मार्को देवळांत ती प्रथम गायिली गेली. देवळांत टाळ्यांना मनाई होती. लोकांनीं ती निःशब्द ऐकली. तीनच दिवसांनीं तीच रचना, तेच प्रमुख गायक आणि तेच संचालक ला स्काला या नाट्यगृहांत उभे राहिले. तेथें टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कांहीं भाग लोकाग्रहास्तव पुन्हा गावे लागले. मान्झोनींचें स्मरण तेवढ्यांत पुसलें गेलें असें नव्हे. परंतु नाट्यगृहांत बसलेला मनुष्य पैसे देऊन आलेला असतो, आणि आवडलें तें पुन्हा मागण्याचा त्याला हक्क वाटतो.

न ऐकतांच मत देणारे श्रोतेहि असतात. हान्स फॉन ब्यूलो या नामांकित जर्मन संचालकानें ही रचना ऐकण्यापूर्वींच, देवळाच्या पोषाखांतलें हें नाटकी संगीत आहे अशी तिची टर उडविली. पुढें १८९२ सालीं त्यानें ती ऐकली. प्रयोग यथातथाच होता, तरी त्याला रडूं कोसळलें. त्यानें व्हेर्दींना पत्र लिहून क्षमा मागितली.

याहून कठोर प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत घडला. जर्मनांनीं ज्यू लोकांना ज्या तेरेझीनच्या छावणींत कोंडलें होतें, तेथें राफाएल शेख्टर या बंदिवान संगीतज्ञानें हीच व्हेर्दींची रचना कैद्यांकडून बसवून घेतली. साथीला एक पियानो, पदें मुखोद्गत. गायकांना मधूनच पूर्वेकडच्या छावण्यांत पाठविलें जाई आणि समूह पुन्हा उभा करावा लागे. ज्यूंनीं ख्रिस्ती प्रार्थना कां गावी, असा आक्षेप छावणींतल्या वडीलधाऱ्यांनींच घेतला होता. परंतु अंतिम न्यायाच्या दिवसाचे ते शब्द कैदी आपल्या छळकांना उद्देशून गात होते. जून १९४४ मध्यें रेड क्रॉसचें मंडळ छावणी पाहण्यास आलें तेव्हां त्यांच्यापुढेंहि हें गायन झालें. पाहुण्यांनीं तें ऐकलें, आणि पुढें छावणीविषयीं अनुकूल अहवाल लिहिला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शेख्टर यांची रवानगी ऑश्विट्झला झाली. स्वर सर्व कानांवर पडले होते. तें गाणें कोण कोणासाठीं गात आहे, एवढेंच त्या श्रोत्यांना कळलें नाहीं.

आळंदीला हें सांगावें लागत नाहीं. ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ मध्यें कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधि घेतली. दर वर्षीं त्या तिथीला नामदेवांच्या वंशांतील नामदास घराण्याचें कीर्तन समाधिमंदिरांत होतें. नामदेवांच्या नांवावर असलेल्या समाधिवर्णनाच्या अभंगांवरून तो प्रसंग सांगितला जातो. निवृत्तिनाथांनीं धाकट्या भावाला हाताला धरून नेलें आणि समाधीच्या तोंडावर शिळा लावली, हा कथाभाग आला कीं ऐकणारीं माणसें ओक्साबोक्शी रडतात. सातशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी शिळा जणूं आत्तांच लागली! भर दुपारीं समाधीवर पुष्पवृष्टि होते. टाळी तेथेंहि वाजते, पण ती भजनाच्या ठेक्याची असते. कीर्तनकाराच्या गळ्याला दिलेली दाद नसते. गाणारे आणि ऐकणारे यांच्यांत तेथें पडदाच नाहीं.

रडावें कीं रडूं नये, हा प्रश्नहि जुनाच आहे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचें वर्णन करणाऱ्या पालि सुत्तांत दोन प्रकारचे भिक्षु दाखविले आहेत. ज्यांची आसक्ति सुटली नव्हती ते हात उंचावून रडले आणि जमिनीवर लोळले. ज्यांची सुटली होती ते अनित्यतेचें स्मरण करीत शांत राहिले. सुत्तकर्त्यानें दोघांनाहि जागा दिली आहे. कुशिनाऱ्याच्या मल्लांनीं तर सहा दिवस नृत्य, गीत, वाद्यें आणि पुष्पमाळा यांनीं त्या देहाचा सत्कार केला व सातव्या दिवशीं दहन केलें. पुढें अस्थींचे आठ वांटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले.

वेरूळच्या दहाव्या लेण्यांत त्याच परंपरेंतला दगडी स्तूप आहे. वंदना संपली तरी शेवटचा स्वर कमानींत क्षणभर रेंगाळतो. यात्रेकरू उठतात, पायांत वहाणा घालून पुढच्या लेण्याकडे वळतात. दाराशीं थांबलेला प्रवासी मग आंत येतो. मुलानें टाळीसाठीं हात वर केलेला असतो. बाप त्याचा हात हळूच धरतो आणि स्तूपाकडे बोट दाखवून हें काय आहे तें त्याला सांगूं लागतो.